आज 14 नवे वाचक मिळाले!

दोन वर्षं झाली, दर महिन्याला ठाणे खाडीतल्या पक्ष्यांवर चार पानं लिहिते आणि ज्यांना हवीत त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवते. वाचक मात्र चाळिशीपुढे सरकत नव्हते. सगळ्या ग्रुपवर टाकून झालं, अंगठे यायचे, पण 'पुढच्या महिन्यातही पाठव' असं कुणी म्हणायचं नाही.

म्हणून आज सकाळी 50 प्रती छापून ठाण्यातल्या तलावपाळीवर उभी राहिले. आधी फार लाज वाटली. फिरायला आलेले बरेच जण हात हलवून पुढे गेले. मग एक आजी थांबल्या. चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून, बोट फिरवत त्यांनी अख्खं पान वाचलं. रोहित पक्ष्याचा, म्हणजे फ्लेमिंगोचा, गुलाबी रंग त्याच्या खाण्यातल्या शेवाळातून येतो, हे त्यांनी दोनदा वाचलं. "चाळीस वर्षं कोपरीत राहते गं, आपल्या खाडीत हे येतात होय?" खाडीचा ऐरोलीकडचा भाग 2015 पासून रोहित अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये खाडीला जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जाही मिळालाय, हे सांगितल्यावर म्हणाल्या, "माझा नंबर घे, सुनेचाही घे. पण अक्षर मोठं कर बाई."

हे मला इतके दिवस सुचलं कसं नाही! ज्यांना वाचायची सवय आहे, त्यांनाच मी बारीक अक्षरात पाठवत होते.

पुढचा अंक मोठ्या टाइपात. रविवारी पुन्हा तलावपाळीवर, त्यानंतर उपवन तलावावर. कुणाला हवा असेल तर इथेच सांगा, नक्की पाठवते.