ग्वानाकास्तेतल्या गांधीलमाश्या

कोस्टा रिकाला जाणारी बहुतेक मंडळी ज्वालामुखी आणि धुक्यातली जंगलं बघून परततात. मी सरळ वायव्येचा ग्वानाकास्ते प्रांत गाठला. इथलं जंगल कोरडं, पानगळीचं. डिसेंबर ते एप्रिल पाऊस जवळजवळ नाहीच. विदर्भात वाढलेल्या माणसाला हे रान परकं वाटणार नाही. मला बघायच्या होत्या गांधीलमाश्या, आणि पानं झडलेल्या फांद्यांवर त्यांची पोळी लांबूनही नजरेत भरतात.

सान्ता रोसा राष्ट्रीय उद्यानात पॉलिबिया ऑक्सिडेन्टालिस या गांधीलमाशीचं पोळं भेटलं ते बाभळीच्या कुळातल्या एका झाडावर. त्याचे काटे शिंगांसारखे, पोकळ. आत कडकडून चावणाऱ्या मुंग्यांचं बिऱ्हाड. अशा झाडाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही, म्हणून गांधीलमाश्या तिथे घर करतात, आणि त्यांच्या शेजारी रेन पक्षीही घरटं बांधतात.

आपल्या वळचणीला दिसणारं उघडं पोळं बहुधा एखादी मादी किंवा मोजक्या माद्या मिळून सुरू करतात. पॉलिबियात एकटी राणी घर मांडूच शकत नाही. अनेक राण्या आणि शेकडो कामकरी माश्या असा सगळा थवाच निघतो. जागा हेरून आलेल्या माश्या वाटेतल्या पानांवर, दगडांवर पोट घासत जातात. पोटाखालच्या ग्रंथीचा वास तिथे लागतो आणि त्या वासाच्या मागावर बाकीचा थवा नव्या जागी पोहोचतो.

राण्या अनेक असल्या तर बहिणी-बहिणींतलं नातं पातळ व्हायला हवं. मग कामकऱ्यांनी दुसऱ्यांच्या पिल्लांसाठी का राबावं? कीटकांच्या अभ्यासक मेरी जेन वेस्ट-एबरहार्ड यांनी 1978 साली मेटापॉलिबिया या जवळच्या जातकुळीत याचा एक धागा दाखवला. तिथे राण्या कालांतराने कमी होत जातात, कधी एकच उरते, आणि मग नव्या राण्या तयार होतात. त्या एकाच आईच्या मुली असल्या, तर नातं पुन्हा घट्ट होतं. मला हे फार देखणं उत्तर वाटतं.

दुर्बिणीतून बघत मी बराच वेळ त्या पोळ्यासमोर बसले. एक माशी लाकडाच्या लगद्याची गोळी घेऊन उतरली. तिने स्वतः काहीच बांधलं नाही. दोघी-तिघींनी गोळी वाटून घेतली आणि मागे सरकत, कडेला पातळ पट्टी लावत गेल्या. ओली पट्टी गडद दिसते, वाळली की राखाडी. लगदा आणणाऱ्या वेगळ्या, पाणी आणणाऱ्या वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. याच प्रांतात वर्षानुवर्षं काम केलेले अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट जीन यांनी ही साखळी उलगडली. पाणी आणणारीला घेणारी चटकन मिळाली तर ती पुन्हा पाण्याला जाते. ताटकळावं लागलं तर पाणी पुरेसं आहे हे तिला कळतं. हुकूम सोडणारं कोणी नसतं. पुस्तकात वाचलं होतं, पण समोर बघताना त्यातली नेमकी शिस्त जाणवते.

पुढे एका खोडाला चिकटलेलं सिनोएका या दुसऱ्या गांधीलमाशीचं पोळं होतं, वर आडव्या वळ्या. वाटाड्याने आम्हाला लांबच थांबवलं. डिवचलं की आतल्या माश्या एका तालात पोळ्याचं आवरण खरवडतात, आणि हा इशारा न समजणाऱ्याला निळसर काळ्या माशीचा डंख मिळतो. आम्ही तो आवाज ऐकायचा हट्ट धरला नाही.

संध्याकाळी भेटली तिसरी गांधीलमाशी, अपोइका पालेन्स. हिच्या पोळ्याला आवरणच नाही. वनस्पतींच्या लवेपासून केलेला एकच थर. दिवसभर फिकट पिवळ्या माश्या खालच्या बाजूला दाटीने बसून असतात, कडेच्या ओळीची तोंडं बाहेर. ही रात्रपाळीची जात, म्हणून डोक्यावरचे तीन साधे डोळे मोठे. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात कडेची ओळ हलली आणि एकदम झुंबड उडाली. उजेडाकडे या माश्या येतात, म्हणून वाटाड्याने सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले आणि अंधारातच आम्हाला रस्त्यापर्यंत नेलं.