देठातली कुजबुज

पावसाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर अंधारून आलं की रातकिडे सूर लावतात आणि आपण समजतो, किड्यांचं बोलणं ते हेच. नर एका पंखाखालची कानस दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासतो. ऐकणारीचे कान कुठे, तर पुढच्या पायांच्या नडग्यांत! पण ही गाणारी मंडळी थोडी. बाकीच्यांचा बराचसा कारभार हवेतून नाही, देठातून चालतो. चार मिलिमीटरच्या अंगाने खर्जातला सूर हवेत सोडणं म्हणजे नुसती शक्ती वाया. तोच सूर पायांवाटे देठात उतरवला की मीटरभर सहज पोचतो.

कुंडीतल्या भेंडीवरचे तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे घ्या. नर गुणगुणतो, थांबतो. मादीने उत्तर दिलं की पुढच्या फाट्यापर्यंत चालतो आणि पुन्हा विचारतो. पत्ता विचारायची ही पद्धत पेठांमधल्यापेक्षा बरी. इथे उत्तर तरी मिळतं.

हे ऐकायला फार काही लागत नाही. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या आसपास पिझो चकती, म्हणजे थरथरीची वीज करणारी पातळ चकती मिळते. 27 मिलिमीटरची जाड फांदीला ठीक, भेंडीच्या देठाला 10-12 मिलिमीटरचीच घ्यावी. जड चकती देठाचं हलणंच दाबून टाकते. एक तार पांढऱ्या मध्याला, दुसरी पितळी कडेला. सोल्डरिंगचा डाग झटपट द्यावा, रेंगाळलात तर मधला पांढरा थर उखडतो. मग चकतीची कड मेणाच्या ठिपक्याने देठाला चिकटवायची.

चकती सरळ मोबाइलला जोडली की खर्ज गायब आणि नुसती खरखर उरते, कारण पिझोला समोर दहा लाख ओहमच्या आसपास रोध लागतो. मध्ये तसा प्रीअँप, म्हणजे क्षीण आवाज वाढवणारी छोटी जोडणी हवीच. तार जाळीच्या वेष्टनाची घ्यावी, नाहीतर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची घूं सगळ्यावर बसते. कुंडीखाली जाड स्पंज ठेवावा. रस्त्यावरून बस गेली की भेंडीसुद्धा घुमते.

एवढं करून हेडफोन लावला की आधी ऐकू येते मुंगीची चाल. तुडतुड्याची पाळी नंतर, आणि तीही वारा पडला तर. झुळूक आली की सगळं बुडतं. ही अडचण त्यांचीही आहे: अमेरिकेतले काही शिंगवाले तुडतुडे वारा सुटला की गप्प बसतात, झुळूक सरली की बोलतात.