गुहागरच्या वाड्यांमधलं आरोग्य शिबिर: पुढे जाणाऱ्यांसाठी

जानेवारी संपता संपता गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांत आरोग्य शिबिरासाठी जाऊन आलो. बरोबर फिजिशियन, डोळ्यांचे डॉक्टर, सिस्टर आणि औषधांच्या टेबलावर मी. पुण्याहून कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. मुंबईकरांनी कोकण रेल्वेने चिपळूणला उतरून पुढे गाडी ठरवावी. दापोलीकडून येणाऱ्यांना दाभोळ-धोपावे फेरीबोट सोयीची. गाडीही बोटीवर चढते.

तारीख ठरवताना गावाचं वर्ष बघा. जून-जुलैत लावणी, एप्रिल-मेमध्ये आंबा-काजू, गणपती-शिमग्याला घर चाकरमान्यांनी भरलेलं. या दिवसांत स्वतःच्या दुखण्याकडे बघायला कुणाला सवड नसते. डिसेंबर-जानेवारी बरा. कोळीवाड्यात होड्या कधी परततात ते आधी विचारून घ्या आणि त्यावर वेळ बेता.

इथे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. खाली शाळेत टेबलं मांडली की धडधाकट माणसं पहिली येतात. वरच्या वाडीतली, गुडघे गेलेली माणसं घाटी उतरतच नाहीत, आणि तपासायची खरी गरज त्यांनाच असते. म्हणून दुपारनंतर आम्ही सामान उचलून वर गेलो आणि एका घराच्या पडवीत बसलो. हे मात्र जरूर करा.

तिथे एका आजींनी कमरेची पिशवी सोडून सुट्ट्या गोळ्या माझ्यापुढे ठेवल्या. पांढऱ्या, गुलाबी, एक पिवळी. पट्टीचे असे तुकडे कापलेले की कशावर नाव नाही, मुदतीची तारीख नाही. "मुलगा मुंबैहून पाठवतो. संपत आल्या की दिवसाआड घेते, पुरवायच्या ना!" आजींना पाच मिनिटं टेकून बसवलं आणि मग बीपी घेतलं, तरी वरचा आकडा १८०च्या पुढे. औषध होतं, घेण्याची इच्छाही होती, पण ते महिनाभर अखंड मिळत नव्हतं. त्या दिवशी असे बरेच जण भेटले.

म्हणून माझं ठाम मत आहे की शिबिरात महागडी, नवी औषधं वाटू नयेत. जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा, त्यांच्याकडे बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या नियमित येतात त्याची यादी घ्या आणि डॉक्टरांना शक्य तिथे त्यातलीच गोळी लिहायला सांगा. अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन अशा साध्या गोळ्यांवर पुष्कळांचं भागतं. आमची पिशवी संपली तरी आजींचं औषध थांबता कामा नये. उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई पहिल्यापासून टेबलाशेजारी हव्यात. कोणाचं बीपी किती, कोणाला कुठे पाठवलं, ही वही गाव सोडताना त्यांच्या हातात द्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.

महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव कोकणात आदराने घेतलं जातं. विंचू चावलेल्या रुग्णांवर प्राझोसिन वापरून त्यांनी किती जीव वाचवले! तिथे राहून, रुग्णाच्या उशाशी बसून ते काम उभं राहिलं. दोन दिवसांसाठी जाणाऱ्यांनी तिथे कायम असणाऱ्यांचे हात बळकट करावेत, एवढंच आपल्याला जमण्यासारखं आहे आणि ते थोडं नाही.

आता सामानाचं. शुगरच्या पट्ट्यांची बाटली लगेच घट्ट लावा. दमट हवेत पट्ट्या बिघडतात. घाटी चढून आलेल्या माणसाचं बीपी लगेच घेऊ नका. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या, आणि पट्टी कापावी लागलीच तर नाव-तारखेचा भाग रुग्णाकडे जाऊ द्या. चाळिशीचे चष्मे भरपूर न्या. जाळं विणणारे आणि तांदूळ निवडणाऱ्या बायका चष्मा लावताच हातातलं काम डोळ्यांजवळ धरून बघतात, तो आनंद बघण्यासारखा असतो. जेवणाबरोबर सुकी मासळी, पापड, लोणचं किती असतं ते बीपीवाल्यांना विचारा. एकदम बंद करा म्हटलं तर कोणी ऐकत नाही. कमी करा म्हटलं तर ऐकतात.

कातळावरून संध्याकाळनंतर चालताना बूट आणि बॅटरी हवीच, फुरसं या भागात आहे. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं नको. तो अवयव हलू न देता १०८ला फोन करा. सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटिव्हेनम) सगळ्यात जवळ कुठे मिळतं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

मोतीबिंदू शिबिरात फक्त शोधायचा; शस्त्रक्रिया रुग्णालयातच. त्यासाठी जीप, बरोबर येणारं माणूस आणि घरी परत सोडण्याची सोय आधी ठरवा, मगच नाव लिहून घ्या. नंतरचे डोळ्यांचे थेंब कोण घालणार, तेही विचारा. घरी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी शेजारची सून सहसा तयार होते. तिलाच थेंब कसे घालायचे ते दाखवून ठेवा.