भूतानमध्ये फोन, रेडिओ आणि टीव्ही : जाणाऱ्यांसाठी थोडं

पश्चिम बंगालमधल्या जयगावहून सीमेवरची कमान ओलांडली की फुंटशोलिंग, म्हणजे भूतान. पण फोनला हे लगेच कळत नाही, तो बराच वेळ भारतातल्या टॉवरलाच धरून असतो. भूतानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, म्हणून परमिटच्या रांगेत उभं राहण्याआधी वेळ हाताने बदला.

सिम फुंटशोलिंगमध्येच घ्या, विमानाने गेलात तर पारोला. कंपन्या दोनच, बी-मोबाईल आणि ताशीसेल. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आम्ही बी-मोबाईल घेतलं. थिंफू, पारो, पुनाख्यात काही अडलं नाही. डोंगरातल्या वळणांवर मात्र रेंज जात-येत राहते. नकाशे आधीच उतरवून ठेवा. भारतातलं सिमही चालू ठेवा आणि निघण्यापूर्वी त्यावर रोमिंग सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. रोख रुपये हवेतच. ते तिथे चालतात, कारण तिथलं चलन न्गुल्ट्रम, आणि त्याचा भाव रुपयाइतकाच आहे.

मला सगळ्यात भावला तो रेडिओ. १९७३ साली काही तरुण स्वयंसेवकांनी रविवारचं प्रसारण सुरू केलं, त्यातूनच पुढे भूतान ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस (बीबीएस) उभी राहिली. झोंगखा, शारचोप, नेपाळी आणि इंग्रजी अशा चार भाषांत ती बोलते. एका दरीतल्या माणसाला पलीकडच्या दरीतली बोली कळेलच असं नाही, अशा देशात हे काम फार मोठं आहे. गाडीत ड्रायव्हरदादांना रेडिओ लावायला जरूर सांगा. शब्द कळले नाहीत तरी कान लवकर रुळतो.

टीव्ही आला २ जून १९९९ रोजी, चौथ्या राजांच्या राज्याभिषेकाच्या रौप्यमहोत्सवात, आणि इंटरनेटही त्याच वर्षी. एवढा उशीर केवळ गरिबीमुळे नव्हता. आधी आपलं काही दाखवायला हवं, मग बाहेरचं येऊ द्यावं, हा विचार मला पटतो. थिंफूत सांगेगांगच्या टेकडीवर प्रसारणाचा मनोरा आहे, सगळे त्याला बीबीएस टॉवर म्हणतात. संध्याकाळी तिथे जा, पताकांमधून अख्खं शहर दिसतं.

फोबजिखा खोऱ्यात काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. तिकडे निघताना घरी आधीच सांगून ठेवा, फोन लागला नाही तर काळजी नको. आणि हे नंबर कागदावर लिहा: रुग्णवाहिका ११२, पोलीस ११३, अग्निशमन ११०. भारतातून तिथे फोन लावताना आधी +९७५ जोडायचं.