प्रकरण १४ : धूर काही लपेना

तीन आठवडे गायब होते कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, माझ्या रोमँटिक सस्पेन्स कादंबरीचं तेच ते प्रकरण लिही आणि खोड, लिही आणि खोड. काल रात्री गाठ सुटली, म्हणजे जवळजवळ, म्हणून आता घाईघाईत टाकतेय.

प्रकरण १४ म्हणजे तेच हो, ज्याच्यावरून मागच्या वेळी रडगाणं गायले होते. अलास्का, ब्रुक्स पर्वतरांगेचा दक्षिण उतार, कोल्डफूट नावाच्या वस्तीपासून बरंच आत, डिसेंबर, उणे ४०. (उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच, तेवढं एक गणित वाचलं.) नदीवरचा बर्फ फुटून माझा नायक एलियट छातीपर्यंत पाण्यात, नायिका नोरा त्याला ओढत केबिनमध्ये आणते, आणि मागावर बंदूकवाला. स्टोव्ह पेटवला नाही तर एलियट जातो, पेटवला तर धूर दिसतो आणि दोघंही जातात. सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश झाले होते मी.

मग माझी पहिली वाचक, जिला नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवायची सवय आहे, ती म्हणाली, अगं त्या दिवसांत तिथे सूर्य डोंगरावर येतच नाही ना, दुपारी थोडा संधिप्रकाश आणि बाकी काळोख, तुझा सीन रात्रीचा, मग धूर बघणार कोण? झालं! अख्खा सस्पेन्स त्या धुरावर उभा होता.

म्हटलं वास येऊ दे त्याला. पण वासावरून केबिनची नेमकी जागा कशी कळणार. मग हिमवादळ घालून बघितलं, तर तेही खोटं, कारण तिथली कडाक्याची थंडी पडते ती हवा स्तब्ध आणि आकाश निरभ्र असतं तेव्हा, ढग आणि वारा आला की पारा उलट वर चढतो. उणे ४० आणि घोंघावतं वादळ एकाच पानावर आलं की मी तरी पुस्तक मिटते. मग नोराला उभं वाळलेलं स्प्रूसचं लाकूड दिलं, ते धगधगून जळतं आणि धूर फारसा करत नाही, पण मग टेन्शनच संपलं ना!

तिथेच आठवलं की लाकूड कितीही वाळलेलं असलं तरी जळताना वाफ सुटतेच, आणि इतक्या थंडीत ती धुराड्याबाहेर पडल्या पडल्या गोठून पांढरी होते. म्हणजे धूर नसला तरी खांब आहेच. फक्त उजेड हवा. स्टेलॅरियम उघडलं (कुठल्याही जागेचं, तारखेचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, आपल्या जॉनरवाल्या सगळ्यांनी घेऊन ठेवा), जागा कोल्डफूट, तारीख १५ डिसेंबर २०२४, पौर्णिमा. आणि चंद्र मावळेचना! आकाशात नुसता गोल फिरतोय, उत्तरेलासुद्धा क्षितिजाच्या वरच. खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या मी. चांदण्यात लख्ख बर्फ, झाडांच्या वर सरळ चढलेला पांढरा खांब, आणि हवेच्या वरच्या उबदार थराला (अशा स्तब्ध थंडीत जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा गार असते) टेकून तिथेच आडवा पसरलेला. मैलभरावरून दिसेल.

याची किंमत म्हणजे प्रकरण ११ मधला अरोराखालचा (ध्रुवीय प्रकाशाखालचा) सीन, पौर्णिमेत अरोरा इतका झगमगत नाही. जाऊ दे, तो तसाही जरा गोडच झाला होता.

एक छोटा आनंद. आधी एलियट अर्ध्या तासात शुद्धीवर येऊन चुंबन वगैरे घेत होता (हसू नका). आता नोरा ओले कपडे कापून काढते, हातपाय न चोळता आधी छाती-पोट उबेला घेते. त्याची थरथर कधीच थांबलेली असते, आणि थांबणंच वाईट. बऱ्याच वेळाने त्याचे दात पुन्हा कडकडायला लागतात आणि तिला रडू फुटतं. दोनच ओळी आहेत, पण आजवरचा माझा सगळ्यात रोमँटिक सीन हाच. बोलून टाइप केला तर फोनने ‘दात’चं ‘हात’ केलं, त्यामुळे व्हॉइस टायपिंग बंद, परत कीबोर्ड.

आणि हे लिहिता लिहिताच सुचतंय, थांबा. एवढ्या थंडीत बर्फ पावलाखाली करकर वाजतो आणि स्तब्ध हवेत तो आवाज लांबवर जातो, म्हणजे बंदूकवाला चोरपावलांनी येऊच शकत नाही. मग लपवायचं कशाला? नोराला करकर ऐकू येऊ दे, जवळ जवळ येऊ दे, आणि मग ती करकर थांबू दे. दाराशी नाही. खिडकीशी.

म्हणजे प्रकरण १५, जे बंदूकवाल्याच्या नजरेतून लिहिलं होतं, ते सगळं उडवावं लागणार. चार हजार शब्द. आत्ताच कॉपी करून बाजूला ठेवते, नाहीतर सकाळी हिंमत व्हायची नाही.