आण्णांच्या खिशातली कापलेली स्ट्रिप

२०२४ चा जुलै. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली होती. ४३ फुटांची धोक्याची पातळी कधी गाठते, हे आमचं अख्खं घर मोबाईलवर बघत बसलं होतं. आम्ही मंगळवार पेठेत राहतो, पाणी काही तिथवर येत नाही. पण कोल्हापुरात जुलैत दुसरा विषयच नसतो. त्या गडबडीत आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सर्दी झाली. नाक चोंदलेलं, अंग दुखत होतं, ताप म्हणावा असा नाही.

गोळ्या मीच आणल्या. ऑफिसातून येताना मेडिकलपुढं स्कूटी थांबवली, हेल्मेटही न काढता म्हटलं, "सर्दीच्या चांगल्या गोळ्या द्या." वय किती, बीपी आहे का, काही विचारणं नाही आणि मी सांगितलंही नाही. त्यानं दहाची स्ट्रिप कात्रीनं कापून सहा गोळ्या दिल्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ.

आण्णा ७२ वर्षांचे, केएमटीचे, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसचे, निवृत्त ड्रायव्हर. बीपीची गोळी सकाळी, प्रोस्टेटची रात्री, दोन्ही वर्षानुवर्षं. गंमत म्हणजे नोकरीत असताना त्यांनी सर्दीची गोळी कधी घेतली नाही. "स्टेअरिंगवर डुलकी लागली तर पन्नास माणसं मागं असतात," असं म्हणायचे. म्हणजे गोळीनं झोप येते एवढं ठाऊक होतं. ती आणखी काय करते, हे ना त्यांना माहीत होतं ना मला.

दुसऱ्या दिवशी ते सारखे बाथरूमला जाऊन येत होते. मी म्हटलं गारठा आहे. संध्याकाळी चहा नको म्हणाले तेव्हा खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. चहाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे. पण असली गोष्ट सुनेला सांगायची कशी? रात्री तीनला त्यांनी ह्यांना उठवलं. "अरे, दुपारपास्नं लघवीच होईना झालीया. पोट फुटंल असं वाटतंय."

ओटीपोट हाताला टणक लागत होतं. पावसात रिक्षा मिळाली हे नशीब. दवाखान्यात बीपी १७८/१०४ निघालं. ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीनं आधी नळी घातली. पिशवी भरत गेली तसा आण्णांचा चेहरा सैल पडला आणि डोळे मिटूनच म्हणाले, "राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला बघा." सिस्टर हसायला लागली. मला मात्र रडू येत होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, औषधं कुठली चालू आहेत? आम्ही बीपीची आणि प्रोस्टेटची सांगितली. "आणखी काही? सर्दी-खोकल्यासाठी?" हे म्हणाले, "ते काय, साधी सर्दीची गोळी." आमच्या घरात सर्दीची गोळी औषधात धरतच नव्हते, आल्याच्या चहासारखाच तिचा हिशेब.

नाव विचारलं तर कुणालाच येईना. आण्णांच्या शर्टाच्या खिशात स्ट्रिपचा तुकडा होता, पण गोळीचं नाव मेडिकलमधल्या चार गोळ्यांबरोबर तिकडेच राहिलेलं. उरलेल्या चंदेरी कागदावर, कात्रीच्या कडेला, अर्ध्याच ओळी. मुलानं फोटो काढून मोठा केला. '…मिन मॅलिएट २ मिग्रॅ', खाली '…फ्रिन हायड्रोक्लोराइड १० मिग्रॅ'. डॉक्टरांना तेवढं पुरलं. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन. तिसरं पॅरासिटामॉल असणारच, म्हणाल्या, आणि होतंच.

त्यांनी समजावलं ते असं. क्लोरफेनिरामिन नाकाचं पाणी थांबवतं, तसंच ते मूत्राशयाच्या स्नायूचा जोरही कमी करतं. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं. नाकातली सूज उतरावी म्हणून ते घालतात, पण त्यानं बीपी चढू शकतं आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायूही आवळतो. आण्णांची रात्रीची गोळी, टॅम्सुलोसिन, नेमका तोच स्नायू सैल सोडण्यासाठी. म्हणजे रात्री एक गोळी दार उघडायची आणि दिवसातून तीनदा दुसरी ते ओढून घ्यायची. बीपी सगळं गोळीमुळंच चढलं असं नाही, वेदनेनंही चढतं, हेही त्यांनी सांगितलं. काचबिंदू, हृदयविकार, थायरॉईड असलेल्यांनीही ही जोडगोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि घेतली असेल तर वर दारू किंवा झोपेची गोळी अजिबात नको.

तीन दिवसांनी नळी काढली. आण्णा आतून ओरडले, "झाली!" आणि वॉर्डातल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी औषधांचा डबा पालथा केला. श्रीखंडाचा जुना डबा, त्यात सात-आठ वर्षांची भर. भिंग घेऊन प्रत्येकाची मागची बाजू वाचायला एक दुपार गेली. वेगवेगळ्या नावांच्या सर्दीच्या तीन स्ट्रिपा निघाल्या आणि तिन्हींत तेच तीन घटक. खोकल्याच्या सिरपची अर्धी बाटली होती, तिच्यातही क्लोरफेनिरामिन. आण्णांना विचारलं तर म्हणाले, "व्हय, रात्री दोन झाकणं घेतली हुती की." म्हणजे एकच औषध दोन वाटांनी पोटात गेलं होतं आणि डॉक्टरांनाही ते सांगायचं राहिलं होतं. अंगदुखीला पॅरासिटामॉल ६५० च्या दोन गोळ्याही घेतलेल्या. सर्दीच्या तीन गोळ्यांतलं १५०० धरून पॅरासिटामॉल २८०० मिलिग्रॅम झालं. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० ची. त्यात निभावलं, पण हिशेब ठेवून नव्हे.

माझी स्वतःची, चोंदलेलं नाक मोकळं करायच्या स्प्रेची बाटलीही त्याच डब्यात होती. तीन दिवसांसाठी आणलेली, तीन आठवडे चाललेली. असा स्प्रे फार दिवस मारला की नाक त्याच्यामुळंच चोंदायला लागतं. आधी एक नाकपुडी सोडली, आठवड्यानं दुसरी. झोपेचे वांधे झाले, पण सुटला.

नणंदेनं तिच्या दोन वर्षांच्या पोरासाठी घरातलं सर्दीचं औषध चालेल का विचारलं, तेव्हा मी जवळजवळ किंचाळलेच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं हे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला आपल्याच औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय.

सगळ्यात राग आला तो एका बातमीचा. तोंडानं घेतलेल्या फेनिलेफ्रिननं नाक मोकळं होत नाही, असं एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या औषध नियंत्रकांच्या, तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्येच एकमतानं म्हटलं होतं. एफडीएनं २०२४ च्या नोव्हेंबरात ते अशा औषधांतून काढायचा प्रस्तावही मांडला. म्हणजे ज्यानं बीपी चढू शकतं, लघवी अडू शकते, त्यानं आण्णांचं नाक सुटणार नव्हतंच!

आता आण्णांना सर्दी झाली की मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, आणि कणकण असेल तर नुसतं पॅरासिटामॉल. त्यापुढचं डॉक्टरांना विचारून. त्यांच्या पाकिटात बसच्या पासामागं एक चिठ्ठी आहे: बीपी, प्रोस्टेट, दोन्ही गोळ्यांची नावं.

परवा मी त्याच मेडिकलमध्ये गेले होते, माझ्याच अ‍ॅलर्जीची गोळी आणायला. चारच हव्या होत्या. त्यानं सवयीनं कात्री लावली. म्हटलं, "थांबा, नाव आणि तारीख माझ्याकडं येईल असं कापा."

तो म्हणाला, "मग उरलेल्या मी कुणाला विकू, वहिनी?"

मी दहाच्या दहा घेतल्या.