मठातून काढल्यानंतर

कुठल्या तरी महाराजांनी, बुवांनी नाहीतर त्यांच्या आजूबाजूच्या लोकांनी ज्यांना दुखावलंय, बाहेर काढलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर खूप आधार वाटला असता.

माझं थोडक्यात सांगते. सोलापूर जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावाजवळ एक मठ आहे, नाव घेत नाही. बरीच वर्षं मी तिथं दर गुरुवारी जायचे, बायकांच्या भजनात चाल मी लावायचे, उत्सवाला पोळ्या लाटण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळी सेवा केली आणि मनापासून केली. मग भक्तनिवासाची वर्गणी निघाली आणि आमच्या गल्लीतनं पैसे गोळा करायचं माझ्याकडं आलं. लोक पावती मागायचे म्हणून मी पावतीपुस्तक मागितलं. मिळालं नाही म्हणून परत मागितलं. पुढच्या पौर्णिमेला महाराज भर सभेत म्हणाले, काहींच्या मनात कली शिरलाय, अशांची संगत टाळा. नाव घेतलं नाही, पण सगळ्या बायका माझ्याकडंच बघत होत्या. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवरनं काढून टाकलं आणि सकाळी जिच्यासोबत रोज फिरायला जायचे ती मैत्रीण आलीच नाही, फोनही उचलला नाही.

जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर त्याला महाराष्ट्रात २०१७ पासून कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण इथं ना ठराव झाला ना कुणी काही लिहून दिलं, नुसतं 'संगत टाळा' एवढ्यावर माणसं बाजूला झाली, मग तक्रार कशाची करायची? लोक म्हणतात, एवढं काय, दुसऱ्या मठात जा. त्यांना कळत नाही की मठ म्हणजे आपला गुरुवार असतो, मैत्रिणी असतात, मुलीच्या लग्नात कामाला उभी राहणारी माणसं असतात. ते सगळं एका वाक्यात जातं.

आणि भीती. ह्याबद्दल कुणीच बोलत नाही. तेव्हा सासूबाई आजारी पडल्या तर एकजण घरी येऊन मिस्टरांना सांगून गेले, गुरुनिंदा भोवतेय, अजून वेळ गेलेली नाही, पाय धरायला लावा. मिस्टरांनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. पण मी मात्र रात्र रात्र जागी. दूध उतू गेलं तरी छातीत धस्स व्हायचं, गाडी पंक्चर झाली तरी वाटायचं, कोपच आहे हा. सासूबाईंना न्यूमोनिया झाला होता, औषधानं बऱ्या झाल्या, ते डोळ्यांनी बघूनही भीती लगेच गेली नाही, कारण ती वर्षानुवर्षं गोड बोलून आत घातलेली असते.

देवघरात महाराजांचा मोठा फोटो होता. काढायची हिंमत होईना, आणि समोर ठेवून दिवा लावला की त्यांचाच आवाज कानात. हरिपाठ तर माझ्या वडिलांचा, मी शाळेत जायच्या आधीपासून त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेला, पण तोही म्हणता येईना. सगळ्यात जास्त राग मला ह्याचा आला. वडिलांनी दिलेलं हे लोक कसं काय घेऊन गेले?

शेवटी एक दिवस फ्रेम उचलली आणि फ्रेमवाल्याकडं गेले. त्यानं मागच्या बारीक चुका पक्कडनं उपसल्या, पुठ्ठा काढला, फोटो माझ्या हातात दिला आणि विचारलं, ह्यात आता काय बसवायचं? मी वडिलांचा गळ्यात टाळ घेतलेला फोटो पुढं केला. माझे हात थरथरत होते, त्याला काय कल्पना. दीडशे रुपये घेतले त्यानं.

पंढरपूरला गेले ते त्याच्यानंतर. महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, तिथं आधी डोकं टेकायचं ही आपली रीत, मीही लहानपणापासून टेकत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिथं बसून राहिले. ज्यांना जातीमुळं आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं त्यांची समाधी दारातच, आणि ते दार दलितांना उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. माझं दुखणं त्या दुःखाच्या तोडीचं नाही, तसं म्हणणं पण पाप आहे. पण एवढं मनाला लागलं की दार अडवणारे होते तरी चोखोबांनी विठ्ठल त्या अडवणाऱ्यांचा म्हणून सोडून दिला नाही.

तुकोबांच्या वह्यांची गोष्ट पण सगळे शेवटाकडनं सांगतात, वह्या तरल्या आणि त्या बुडवायला लावणारे रामेश्वर भट्ट शरण आले. मला त्यातले मधले तेरा दिवस महत्त्वाचे वाटतात. इंद्रायणीकाठी शिळेवर अन्नपाण्याशिवाय पडून राहिलेला माणूस, तेव्हा त्याला कुठं माहीत होतं पुढं काय होणार. आपण बरेचजण त्या तेरा दिवसांतच असतो आणि लोक घाई करतात, माफ कर, विसरून जा, मन मोठं कर. रामेश्वर भट्ट निदान बदलले तरी. माझ्याकडं कुणी आलं नाही, पावतीपुस्तकही आलं नाही, मग माफी कुणाला देऊ? मी माफ केलेलं नाही आणि तरी आता मला झोप लागते, हे मुद्दाम सांगतेय.

झोप लागायला डॉक्टरांची पण मदत घेतली. ज्यांना कुणाकडं जाता येत नाही त्यांनी १४४१६ ला फोन करा, टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मंत्र, अंगारा, दुसरे महाराज ह्याच्या नादी एवढ्यात लागू नका, आपण तेव्हा फार कच्चे असतो आणि असल्या बुवांना ते बरोबर ओळखता येतं.

माझा आवाज परत आला तो शेजारच्या आजींमुळं. त्या पाय दुखतात म्हणून आता वारीला जात नाहीत, घरीच हरिपाठ म्हणतात, एकदा म्हणाल्या, ये गं, मला एकटीला दम लागतो, तू धृपद धर. काही विचारलं नाही, समजावलं नाही. मी धरलं. मध्येच रडू आलं तर त्या टाळ वाजवत राहिल्या.

आता दर एकादशीला संध्याकाळी आम्ही सात-आठजणी त्यांच्याकडं बसतो. पाद्यपूजा नाही, दानपेटी नाही, गूळ-शेंगदाण्याचा खर्च वाटून घेतो आणि हिशोब वहीत लिहितो, वही सगळ्यांसमोर असते. मागच्या महिन्यात मठातली एकजण आली, मागं दाराशी बसली, तिचंही काहीतरी बिनसलंय. मी तिला काही विचारलं नाही. माझी ती फिरायला येणारी मैत्रीण मात्र अजून रस्ता बदलते, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.